रंग न दिलेला पाय

माझा पाय मोडला तो घाईमुळे. ड्युसेलडॉर्फच्या रस्त्यांत ट्रामचे रूळ पुरलेले असतात आणि त्या रुळांना खाच असते. सायकल त्यांच्यावरून आडवी न्यायची, चाक खाचेत जाऊ द्यायचं नाही, हे तिथलं शेंबडं पोरही जाणतं. मीही जाणत होतो. पण त्या संध्याकाळी बायकोची तार आली होती की बोट मुंबईहून सुटली, आणि मी डोकं खोलीवर ठेवून सायकलवर बसलो होतो. ओल्या पाल्यावरून चाक घसरलं ते नेमकं खाचेत. मी पुढे फेकला गेलो, सायकल माझ्यावर पडली आणि नडगीचं हाड मोडलं.

इस्पितळात त्यांनी मांडीपासून पावलापर्यंत प्लॅस्टर घातलं. जर्मन लोक त्याला गिप्स म्हणतात, म्हणून मीही गिप्सच म्हणू लागलो. बाहेर फक्त पायाची पाच बोटं. डॉक्टर धिप्पाड होता आणि त्याला वाटाघाटी ठाऊक नव्हत्या. सहा आठवडे पाय उशीवर, म्हणाला. मी सांगितलं की पंधरा दिवसांनी मला मार्सेलिसला जायचंय, बायको आणि मुलगी उतरणार आहेत. त्यानं नाही म्हटलं. मी का म्हणून विचारलं. त्यानं हाड, रक्त, सूज असं सगळं समजावून सांगितलं. मी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हटलं, पण मी जाणारच. तो नुसतं ‘आल्झो’, म्हणजे ‘बरं तर’, म्हणाला आणि पुढच्या खाटेकडे गेला.

आमच्या संस्थेत नागपूरचा एक जण डॉक्टरेट करत होता. माझ्याच घरात खालच्या खोलीत राहायचा. तो म्हणाला, मी जातो, वहिनींना उतरवून घेतो, तू पड. मी त्याच्या अंगावर खेकसलो. त्यावर तो हसायला लागला. ‘उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग’ ऐकलं होतं म्हणे, गुडघ्याला गिप्स पहिल्यांदाच पाहतोय. मला हसू आलं नाही. माझा स्वभाव मुळातच तापट, त्यात पाय असा लोंबकळत ठेवलेला. पण मला राग त्याचा नव्हता. मला भीती वाटत होती, आणि ती त्याला सांगण्यासारखी नव्हती.

मी देश सोडला तेव्हा लेक पाळण्यात होती. बारसं उरकलं आणि मी बोटीत बसलो. दोन वर्षांचं काम होतं, पोलादाच्या संशोधनाचं. दोनाची तीन झाली, तिनाची चार व्हायला आली. आमचे प्राध्यापक दर उन्हाळ्यात म्हणायचे, आणखी एकच वर्ष, आणि दर उन्हाळ्यात मी घरी लिहायचो, पुढच्या वर्षी नक्की. शेवटी त्यांनी मला नोकरीच दिली, दोन खोल्यांचं बिऱ्हाड मिळालं, आणि येण्याऐवजी बोलावणं धाडलं. आता लेक चार वर्षांची होणार होती. तिनं मला पाहिलेलं नव्हतं. ती मला बाप म्हणून जवळ करील की नाही, एवढा एकच प्रश्न माझ्या डोक्यात होता आणि तो मला झोपू देत नव्हता. बोटीवरून उतरताना तिला पहिल्यांदा दिसणारा माणूस नागपूरचा कुणी काका असावा, हे मला कदापि चालणार नव्हतं.

म्हणून गेलो. घरमालकीण म्हाताऱ्या बाई, त्यांनी जाताना स्वेटर विणायची एक लांब सुई दिली. गिप्सच्या आत खाज सुटली की कशाचाही उपयोग होत नाही, सुईचा होतो. नवऱ्याच्या लढाईतल्या जखमेपासून हे त्यांना ठाऊक होतं. मित्रानं गाडीत बसवून दिलं. जातानाच्या प्रवासाबद्दल काय सांगू, नाकी नऊ आले एवढंच सांगतो.

मार्सेलिसच्या धक्क्यावर ऊन होतं आणि दोन कुबड्यांवर उभा राहून माझ्या काखा सोलवटल्या होत्या. मनात वाक्य घोकत होतो: ये बाळ, मी बाबा. एवढंच, पण गोड आवाजात. माझा आवाज गोड नाही, म्हणून सराव चालला होता. मग शिडीवरून ही उतरताना दिसली. नऊवारीतली नव्हे, पाचवारीतली, ते एक नवीन होतं. हातात वळकटी, मागे हमालाच्या खांद्यावर पत्र्याची ट्रंक, आणि कमरेवर लेक. पायाचं मी मुद्दामच कळवलं नव्हतं. हिनं मला पाहिलं, हसली, मग नजर खाली गेली आणि हसू तिथेच थांबलं. जवळ आल्यावर पहिलं वाक्य काय, तर अहो, घ्यायला तुम्ही आलात की न्यायला आम्ही.

लेक माझ्या तोंडाकडे बघतच नव्हती. ती बघत होती पायाकडे. मी माझं घोकलेलं वाक्य म्हटलं. ती आईच्या पदरात शिरली आणि तिथून, मला स्पष्ट ऐकू येईल अशा आवाजात म्हणाली, “बाबा पेटीत आहेत.”

ही खजील झाली. म्हणाली, फोटो, ट्रंकेत तुमचा फोटो आहे ना. मग वाटेत टॅक्सीत सगळा उलगडा केला. दोघी चार वर्षं पेणला, हिच्या माहेरी. तिन्हीसांजेला दिवा लागला की सासूबाई नातीला हात जोडायला लावायच्या. आधी देवांना, मग भिंतीवरच्या फोटोला. शुभंकरोती, मारुती, गणपती, बाबा. बाबांना नमस्कार कर, बाबांना सांग आज काय केलंस. चांगल्याच हेतूनं. पोर विसरायला नको म्हणून. पण त्या भिंतीवर आजेसासऱ्यांचाही फोटो होता, हार घातलेला, आणि दत्ताचा होता, आणि साईबाबांचा. ह्या सगळ्या मंडळींमधून एक जण कुबड्या घेऊन टॅक्सीत येऊन बसेल, हे त्या पोरीला पटणार तरी कसं? करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, दुसरं काय.

गाडीत डबा सहा जणांचा. माझा पाय समोरच्या बाकावर वर्तमानपत्र टाकून त्यावर आडवा ठेवला. म्हणजे एक जागा माझ्या पायाचीच झाली. त्याच बाकावर खिडकीशी काळ्या कपड्यातल्या एक फ्रेंच आजी बसल्या होत्या, मांडीवर झाकलेली टोपली. तिकीट तपासणारा आला आणि पायाकडे बोट दाखवून फ्रेंचमध्ये बोलायला लागला. फ्रेंच मला येत नव्हतं. तळपायाची आग मस्तकात जायला माझा तळपाय बांधलेला होता, तरी ती गेलीच, आणि मी तोंड उघडलं ते जर्मनमध्ये. चार वर्षं दुसरी परकी भाषा तोंडात नव्हती. आजींनी मान खिडकीकडे वळवली. लढाई संपून फार वर्षं झाली नव्हती, आणि फ्रान्सच्या गाडीत मोठ्या आवाजात जर्मन बोलणारा माणूस कुठलाही असो, काळा असो गोरा असो, लोक अंग चोरून घेत होते. मला हे सुचायला हवं होतं. तिकीटवाला निघून गेल्यावर हिनं डबा उघडून आजींपुढे बेसनाचा लाडू धरला. आजींनी आधी लाडवाकडे पाहिलं, मग लेकीकडे, आणि घेतला. त्यानंतर मी सबंध फ्रान्स खुणांवर काढला.

तो सबंध फ्रान्स मी माझ्या पायाच्या बोटांवरून पाहिला. मान वळवली की कळ यायची, म्हणून जे समोरच्या खिडकीत येईल ते. रोन नदी बराच वेळ रुळांच्या सोबतीनं होती. द्राक्षांचे मळे लाल-पिवळे व्हायला लागले होते, तोडणीच्या शेवटच्या गाड्या बांधावर उभ्या होत्या. कौलं आपल्यासारखीच, फक्त भिंती दगडी. वारा अडवायला सुरूसारखी उंच काळी झाडं ओळीनं लावलेली. बायकोला हे सगळं दाखवावं असं मी मनात ठरवून आलो होतो, पण ती नदीवर कपडे धुणाऱ्या बायका दिसतात का ते बघत होती. दिसल्या एका ठिकाणी. मग तिला फ्रान्स आवडला.

लेक माझ्या बाजूला बसायला तयार नव्हती. मी ‘ये’ म्हटलं की आईच्या पाठीमागे. खिशात तिच्यासाठी चॉकलेट ठेवलं होतं, ते घेतलं तेही आईच्या हातून. पण पाय तिला सोडवेना. हळूहळू बाकाच्या कडेनं सरकत ती त्याच्यापाशी आली. बोटाच्या पेरानं टकटक वाजवून पाहिलं, कान लावला, नखानं जरासं खरवडून नखात आलेलं पांढरं बघितलं. मी श्वास रोखून होतो. पोलाद तपासणारे आमच्या प्रयोगशाळेतले लोक एवढ्या निगुतीनं काही बघत नाहीत. मग ती आईकडे वळली.

“आई, ह्याला रंग कधी देणार?”

हिनं आधी पदर तोंडाला लावला. मला काही कळेना. रंग कसला? मग समजलं. पेणला हिच्या माहेराला लागूनच गणपतीचा कारखाना. भिंत एकच. लेक चालायला लागल्यापासून दिवस दिवस तिथेच पडीक. साच्यातून निघालेले गणपती फळ्यांवर ओळीनं वाळत असतात, हात वेगळे, सोंडा वेगळ्या, पाय वेगळे. मग पांढरा हात मारतात. मग पितांबराचा पिवळा, उपरण्याचा लाल, आणि सगळ्यात शेवटी डोळ्यांची आखणी. आखणी होईपर्यंत तो नुसता माल. कुणी कडेला सरकवून ठेवतं, कुणी त्याच्यावर फडकं टाकतं. आखणी झाली की मग कुणी त्याला पाय लागू देत नाही. हे सगळं त्या पोरीला पाठ होतं. आणि इथे समोर एक माणूस होता, ज्याचा एक पाय अजून पांढराच होता. अर्धवट राहिलेलं काम.

मला हसायला यायला हवं होतं. आलं नाही, वाईट वाटलं. सुना-सासवांच्या भांडणात ‘पांढऱ्या पायाची’ म्हणतात ते मी ऐकलं होतं, पण लेकीनं बापाकडे बघून तो पुरता घडलेलाच नाही असं ठरवावं? मी हिला म्हटलं, तिला सांग की हा पाय मोडलाय, मी माणूस आहे. हिनं सांगितलं. लेकीनं ऐकून घेतलं. मग सुई आत घालून मी खाजवायला लागलो तर ती पुन्हा एकदम जवळ आली आणि विचारू लागली, आत काथ्या भरलाय का, गणपतीत भरतात तसा.

संध्याकाळ झाली. गाडी कुठल्याशा मोठ्या गावातून निघाली होती, बाहेर पांढऱ्या गाई धुक्यात उभ्या होत्या. डब्यात दिवा लागला. दिवा लागल्याबरोबर लेक चुळबुळ करायला लागली. हिच्या मागे लागली, काढ ना, काढ. ही माझ्याकडे बघून टाळत होती. शेवटी वळकटीजवळच्या पिशवीतून, ट्रंकेत नव्हताच तो, हिनं माझा फोटो काढला आणि खिडकीखालच्या छोट्या फळीवर उभा केला. देश सोडताना पुण्यात काढलेला. उसना टाय, बारीक मिशी, डोळ्यांवर चष्मा नाही, गालफडं बसलेली. लेकीनं चपला काढल्या, बाकावर मांडी घातली, हात जोडले आणि शुभंकरोती म्हटली. सगळी. मारुती झाला, गणपती झाला. मग फोटोकडे बघून तिनं त्याला सांगायला सुरुवात केली की आज आगगाडीत बसलो, आजीनं लाडू खाल्ला, आणि एक माणूस आहे, त्याला अजून रंग दिला नाही.

मी दोन हातांच्या अंतरावर तिच्यासमोर बसलेलो होतो.

फ्रेंच आजींनी फोटो पाहिला. मग हिच्या कपाळाकडे, मग लेकीकडे, आणि मग माझ्याकडे. मी तोवर जाड झालो होतो, मिशी काढली होती, चष्मा लागला होता. आजींनी छातीवर क्रूसाची खूण केली, हिचा हात हातात घेतला आणि हळू आवाजात बरंच काही बोलल्या. भाषा येण्याची गरज नव्हती. फोटोतला पहिला नवरा बिचारा गेला, आणि हा दुसरा जर्मन बोलणारा पदरात पडला, असा त्यांचा सरळ हिशेब होता. मला त्यांनी एक सफरचंद दिलं, पण तेसुद्धा असं की पोरीला नीट वागव हं.

माझ्याच फोटोनं मला सावत्र बाप करून टाकलं. आजी पुढच्या स्टेशनावर उतरल्या तशी मी हिच्यावर घसरलो. तो फोटो आत ठेव, म्हटलं, पुन्हा बाहेर काढायचा नाही, मी जिवंत इथे बसलोय आणि ही पोर कागदाशी बोलतेय. आवाज चढला असणार, कारण लेक हिच्या पोटाशी घट्ट झाली. हिनं फोटो पदरानं पुसला. हिचा आवाज चढत नाही, उलट उतरतो, आणि तो उतरला की मी सावध होतो.

“ह्या फोटोनं चार वर्षं पोर सांभाळलीय,” ही म्हणाली. “तुम्ही आज आलात.”

ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात, पण तिचं चार वर्षं काय काय जळलं ते मला कळलेलंच नव्हतं.

लेक झोपल्यावर हिनं बाकीचं सांगितलं, रागानं नाही, आपलं सांगायचं म्हणून. तुमचं पत्र यायचं, म्हणाली, की पुढच्या वर्षी येतो. आम्ही पोरीला सांगायचो, बाबा पुढच्या वर्षी येणार. आणि नेमकं गणपतीच्या दिवसांत नदीवर सगळं गाव काय ओरडतं? पुढच्या वर्षी लवकर या. बाबा कुठे गेले तर पाण्यावरून, बोटीनं. गणपती कुठे गेला तर पाण्यात. पोरीनं दोन्ही एकत्र केलं. पण गणपती दर वर्षी यायचा. कारखान्यात तिच्या डोळ्यांदेखत तो पुन्हा तयार व्हायचा. तुम्ही येत नव्हता. मागच्या साली तिनं कारखान्यातल्या काकांना जाऊन विचारलं, बाबांचा साचा हरवला का. ह्या साली तर विसर्जनाला पाट उचलू देईना. पाण्यात घातला की येईलच असं काही नाही, म्हणाली. बाबा कुठे आला? घरातल्या गणपतीच्या पायाला मिठी मारून बसली, सोडवून घ्यावी लागली. तुम्हाला हे पत्रातून काय कळवायचं, म्हणून नाही कळवलं.

मी खिडकीकडे तोंड केलं. बाहेर काहीच दिसत नव्हतं. पाय ठणकत होता, पण त्याचं काही विशेष वाटत नव्हतं.

सकाळी जाग आली ती स्ट्रासबुर्गला. पायाची बोटं वांग्यासारखी झाली होती, जांभळी आणि तुकतुकीत. ही घाबरली. मी म्हटलं, रात्रभर अवघडली की होतात. स्ट्रासबुर्ग सुटलं की ऱ्हाईन नदीचा पूल आणि पूल ओलांडला की जर्मनी, केल नावाचं पहिलं स्टेशन. आमचा डबा तिथेच तुटणार होता, गाडी बदलायची होती. पुलावर गाडी सावकाश चालते. लेक खिडकीला नाक लावून उभी होती. एवढी नदी तिनं पाहिली नव्हती. रोनला झाडं होती मध्ये, ही अगदी उघडी, खालपर्यंत. तिनं आईला विचारलं, इथे कोणाला घालतात. हिनं ट्रंकेची कडी बघायच्या नादात उत्तर दिलं नाही.

केलला पासपोर्ट बघायला आलेल्या अधिकाऱ्यानं आधी पाय बघितला. माझी बोटं दाबून पाहिली, आणि असं चालायचं नाही म्हणाला. जर्मन माणसाला एकदा आजार दिसला की तो नियम होतो. फलाट बदलायला खाली भुयारातून जिने होते, त्यांच्यावरून मला जाऊ देईना. खुर्ची आणवली. दोन्ही बाजूंनी लाकडी दांडे अडकवलेली, रेल्वेची अवजड खुर्ची. मी म्हणालो, मी मार्सेलिसपर्यंत जाऊन आलोय, मला कुबड्या आहेत, मी काही म्हातारा नाही. ही म्हणाली, बसा गुपचूप. बसलो. दोन गणवेशातल्या माणसांनी ‘हो रुक’, म्हणजे आपलं ‘हैय्या हो’, करून खुर्ची उचलली ती पार कमरेच्या वर. पाय समोर आडवा, पांढरा. जिने नकोत म्हणून सामानाच्या गाड्या जिथून रूळ ओलांडतात तिथून न्यायचं होतं, आणि ती जागा फलाटाच्या टोकाला होती. टोकाच्या पलीकडे नदी दिसत होती.

आम्ही निघालो. पुढे एक माणूस, मागे एक, मध्ये मी. बाजूनं ट्रंक घेतलेला हमाल. लोक बाजूला होऊन वाट देत होते, एकानं तर टोपी काढली. ही वळकटी उचलत होती, लेक तिच्याजवळ होती. मग मागून असा आवाज आला की खुर्चीवाले दोघंही थबकले.

लेक धावत येत होती. चपला कुठे तरी सुटल्या होत्या. रडत नव्हती, ओरडत होती, आणि मराठीत, त्या सगळ्या जर्मन फलाटावर. नका नेऊ, अजून रंग दिला नाही, अजून डोळे काढले नाहीत, त्याला पाण्यात नाही घालायचं. तिनं येऊन माझ्या पायाचा अंगठा धरला, तो सुजलेला, दोन्ही हातांनी, आणि सगळा भार टाकून मागे ओढायला लागली. कळ थेट डोक्यात गेली. पुढचा माणूस घाबरून मला विचारत होता की ही काय म्हणतेय.

मग तिनं मान वर केली आणि पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे बघितलं.

“बाबा, पुढच्या वर्षी नको,” ती म्हणाली.

त्या दोघांनी खुर्ची खाली ठेवली. मी सांगितलं म्हणून नव्हे, आपण होऊन. मी लेकीला उचलायला गेलो तर पाय आड आला. मग तिनंच गुडघ्यावरून चढून, गिप्सवरून घसरत, माझ्या मांडीवर बैठक मारली आणि माझ्या शर्टाचं बटण धरलं. ही मागून आली, वळकटी खाली टाकून तिथेच फलाटावर बसली. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मला त्याची लाज वाटत नव्हती. अधिकारी जवळ आला, त्यानं आमच्याकडे पाहिलं आणि घड्याळ बघून म्हणाला की गाडी थांबेल. जर्मनीत गाडी थांबते हे मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. मग त्यांनी आम्हाला दोघांना मिळून उचललं. रूळ ओलांडेपर्यंत लेकीनं नदीकडे पाठ केली नाही, नजर ठेवून होती.

ऱ्हाईनच्या काठाकाठानं गाडी सबंध दिवस चालली. इतकी वर्षं मी त्या नदीचं कौतुक पत्रांतून लिहिलं होतं, किल्ले आणि द्राक्षांच्या टेकड्या. त्या दिवशी ती खिडकीतून दिसली की लेक पडदा ओढायची, आणि मी ओढू द्यायचो. पाय पुन्हा समोरच्या बाकावर, आणि त्याच्या शेवटी ती, अंगठा मुठीत. ठणका असा होता की डोळ्यांपुढे काजवे. ही दोनदा म्हणाली, अहो, सोडवते तिला. मी नको म्हटलं. ड्युसेलडॉर्फचा डॉक्टर मला काय काय बोलणार होता ते मला ठाऊक होतं, आणि पुढे तो ते बोललाही.

संध्याकाळी डब्यात दिवा लागला. लेक उठून बसली, हात जोडले, शुभंकरोती झाली, मारुती झाला, गणपती झाला. ही पिशवीत हात घालून थांबली होती. लेकीनं पिशवीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आज आगगाडी बदलली, तिनं मला सांगितलं, आणि माझ्या चपला हरवल्या. मी म्हटलं, नव्या घेऊ. मग बराच वेळ ती गिप्सवरून बोट फिरवत राहिली.

“ह्याला रंग कधी देणार?”

“द्यायचाच नाही,” मी म्हटलं.

मग बरं, असं म्हणून ती झोपली.